चीनमधील नेत्रौषधी, नागार्जुनाचे नाव आणि पुराव्याचा प्रश्न

आपल्या अभ्यासवर्तुळांत अलीकडे एक विधान वारंवार ऐकू येते. चीनमधील पारंपरिक वैद्यक, विशेषतः डोळ्यांच्या विकारांवरील तेथील वनौषधी, ही भारतीय बौद्ध भिक्खूंची देणगी होय. आणि ज्या अर्थी ती भिक्खूंची देणगी आहे, त्या अर्थी ती गुणकारी असलीच पाहिजे. या विधानाचा पूर्वार्ध इतिहासाचा आहे व उत्तरार्ध वैद्यकाचा. पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे, परंतु जितका सांगितला जातो तितका नाही. उत्तरार्ध मात्र पूर्वार्धातून निघतच नाही. एखादे औषध कोणी आणले, हे कळल्याने ते लागू पडते किंवा नाही हे कळत नाही. हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवून त्यांचा विचार करावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

आरंभ विनयपिटकापासून करणे योग्य होईल. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात एका भिक्खूस नेत्ररोग झाल्याची हकीकत आहे. त्याला दिसत नसल्यामुळे इतर भिक्खू त्याला हाताला धरून बाहेर नेत व आणीत. तथागतांच्या दृष्टीस हे पडले, तेव्हा त्यांनी अंजनाची अनुज्ञा दिली. कालञ्जन, रसञ्जन, सोतञ्जन, गेरू आणि दिव्याची काजळी ही पाच द्रव्ये तेथे सांगितली आहेत. अंजनात मिसळण्यास चंदन, तगर, तालीस, नागरमोथा इत्यादींचे चूर्ण चालेल, असेही पुढे म्हटले आहे. हा भाग आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतो. त्यानंतर येणाऱ्या बारीकसारीक नियमांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही, आणि आमच्या मते खरे महत्त्व त्या नियमांनाच आहे. भिक्खू अंजन उघड्या भांड्यांत ठेवू लागले, त्यात गवताचे कण व धूळ पडू लागली. म्हणून झाकणाची अनुज्ञा मिळाली. भिक्खू बोटाने अंजन घालू लागले, त्यामुळे डोळे दुखू लागले. म्हणून अंजनिसलाका, अर्थात अंजन घालण्याची काडी, वापरण्याची अनुज्ञा मिळाली. सोन्यारुप्याच्या डब्या निषिद्ध ठरल्या. हाड, शिंग, बांबू, लाकूड, शंख यांच्या चालतील असे ठरले. औषध दिले, परिणाम पाहिला, अडचण आली, नियम बदलला, असा हा क्रम आहे. प्राचीन वाङ्मयात औषधांच्या याद्या विपुल आढळतात. औषध वापरल्यावर काय बिघडले याची नोंद त्या मानाने दुर्मीळ असते.

हा विनय चीनमध्ये गेला. धर्मगुप्तक संप्रदायाचा विनय बुद्धयशांनी इ.स. ४१० ते ४१२ या काळात चिनी भाषेत उतरविला, आणि त्यात भैषज्याचे प्रकरण आहेच. त्याच शतकाच्या पूर्वार्धात धर्मक्षेमांनी भाषांतरित केलेल्या महायान परिनिर्वाणसूत्रात एक दृष्टान्त येतो. आंधळा मनुष्य कुशल वैद्याकडे जातो, वैद्य सोन्याच्या शलाकेने त्याच्या डोळ्यावरील पडदा दूर करतो, मग एक बोट दाखवून दिसते काय असे विचारतो, आणि पुन्हा दोन-तीन बोटे दाखवून तेच विचारतो. दृष्टान्ताचा धार्मिक आशय बाजूला ठेवला, तरी त्यात त्या काळच्या शस्त्रकर्माचे चित्र स्पष्ट आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदू शलाकेने बाजूला सारण्याची जी क्रिया सांगितली आहे, तीच ही होय. क्रिया संपल्यावर बोटे दाखविणे, म्हणजे फलाची तपासणी करणे, हा तिचाच एक भाग मानला जात होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

यानंतरचा दुवा इ.स. ७५२ चा आहे. थांग राजवटीतील वांग ताओ याने ‘वायताय मियाओ’ नावाचा प्रचंड वैद्यकसंग्रह त्या वर्षी पूर्ण केला. त्यातील नेत्ररोगांच्या प्रकरणात श्ये आडनावाच्या एका तपस्व्याकडून आलेला मजकूर आहे, आणि या तपस्व्याने ही विद्या पश्चिमेकडील एका भिक्खूकडून घेतली असे तेथे स्वच्छ नमूद आहे. मजकुराच्या शीर्षकातच भारताचे ‘थ्यानचू’ हे नाव येते. मनुष्यदेह पृथ्वी, आप, तेज, वायू या चार महाभूतांचा बनलेला आहे, ही आपल्या परिचयाची मांडणी त्यात आहे. चिनी वैद्यकाची स्वतःची पंचतत्त्वे निराळी आहेत. सोन्याच्या शलाकेची क्रियाही तेथे येते. इतका निःसंदिग्ध पुरावा देवघेवीच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

थांग काळातच ‘बोधिसत्त्व लुंगशूचे नेत्रशास्त्र’ या नावाचा ग्रंथ प्रचारात आला. लुंगशू म्हणजे शब्दशः नागवृक्ष; हे नागार्जुनाचे चिनी नाव होय. मूळ ग्रंथ चीनमध्ये स्वतंत्रपणे टिकला नाही. त्याचा बराच भाग पंधराव्या शतकातील कोरियन वैद्यकसंग्रहात जतन झाला. चीनमध्ये पुढे सोंग सम्राट यिंगत्सोंग (कारकीर्द इ.स. १०६३ ते १०६७) याच्या वैयक्तिक नावाचा उच्चार ‘शू’ असा असल्याने तो उच्चार निषिद्ध ठरला, आणि लुंगशूचे लुंगमू झाले. वृक्षाचे लाकूड झाले म्हणावयाचे! मिंग काळात जो ‘लुंगमू’ ग्रंथ छापला गेला, त्याच्या वाचकांपैकी किती जणांना त्या नावामागील नागार्जुन आठवत असेल, हा प्रश्नच आहे.

नागार्जुनाचे नाव विदर्भातील वाचकांना दूरचे वाटणार नाही. रामटेकजवळील मनसरच्या टेकडीशी लोकपरंपरेने ते जोडलेले आहे. म्हणूनच येथे अधिक सावध राहणे आवश्यक आहे. शून्यतेची मीमांसा करणारा, सुमारे दुसऱ्या शतकातील नागार्जुन आणि हे नेत्रशास्त्र यांत पाच-सहा शतकांचे अंतर आहे. सुश्रुताच्या संस्करणाशीही नागार्जुन हे नाव डल्हणाच्या टीकेमुळे जोडले जाते, रसविद्येतही ते येते. एकाच नावाखाली अनेक काळांतील अनेक व्यक्ती व ग्रंथ गोळा झाले आहेत. चिनी ग्रंथाच्या मथळ्यावर बोधिसत्त्वाचे नाव घातले गेले ते अधिकार मिळविण्यासाठी. ग्रंथकर्तृत्वाचा तो पुरावा नव्हे. पुण्याच्या संशोधक विजया देशपांडे यांनी १९९९ व २००० साली लंडनमधील प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात, आणि पुढे फान का-वाय यांच्यासह २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, चिनी व संस्कृत पाठ शेजारी ठेवून या देवघेवीची तपासणी केली आहे. या विषयावर बोलू इच्छिणाऱ्याने ते काम टाळून चालणार नाही.

ही विद्या केवळ ग्रंथांत राहिली नव्हती, याला कवींची साक्ष आहे. ल्यू यूशी (इ.स. ७७२ ते ८४२) याची एक कविता भारतातून आलेल्या नेत्रवैद्य भिक्खूस उद्देशून लिहिलेली आहे. त्याचा समवयस्क मित्र बाई जूयी हा स्वतः उपासक होता व दीर्घकाळ डोळ्यांनी त्रस्त होता. त्याने आपल्या नेत्रविकारावर लिहिलेल्या कवितेत टेबलावर लुंगशूचा ग्रंथ व डबीत च्युएमिंगच्या बियांच्या गोळ्या असल्याचे सांगितले आहे, आणि वैद्यांच्या उपायांनी गुण न आल्याचा सूरही तीत आहे. भारतीय नावाचा ग्रंथ आणि चिनी औषधाची गोळी एकाच खोलीत, एकाच रोग्याजवळ होती, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

कारण ती गोळी भारतातून आलेली नव्हती. च्युएमिंग म्हणजे आपला टाकळा, किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. पहिल्या पावसानंतर कोकणात व देशावर रस्त्याच्या कडेने जो आपोआप उगवतो, ज्याची कोवळी पाने गरिबाघरी भाजी म्हणून शिजतात, त्याच टाकळ्याच्या भाजलेल्या बिया चिनी वैद्य डोळ्यांसाठी देतात. परंतु या बियांचा उल्लेख ‘शननोंग’ याच्या नावावर असलेल्या चीनच्या सर्वांत प्राचीन द्रव्यगुणग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील मानला जातो. डोळे लाल होणे, दुखणे, पाणी गळणे ही लक्षणे तेथे च्युएमिंगच्या खाली दिलेली आहेत. त्याच ग्रंथात ह्वांगल्यान या पिवळ्या, अतिकडू मुळीच्या गुणांत डोळ्यांचे दुखणे व कोपऱ्यांतून पाणी येणे यांचा निर्देश आहे. भारतीय नेत्रवैद्यक चीनमध्ये पोहोचल्याचा पुरावा याच्या कित्येक शतके नंतरचा आहे. तेव्हा शलाका, चार महाभूते आणि नेत्ररोगांच्या वर्गीकरणाचा काही भाग भारताकडून गेला असे म्हणता येते. वनौषधींचा मुख्य साठा चीनचा स्वतःचा होता. भिक्खूंचे खरे श्रेय कमी होऊ नये असे वाटत असेल, तर त्यांना खोटे श्रेय देण्याचे टाळले पाहिजे.

येथे एक भेद सांगणे जरूर आहे. मोतीबिंदू हा संसर्ग नव्हे. भिंग धूसर होण्याचा तो विकार आहे आणि शलाका त्यासाठी होती. वनौषधींचे क्षेत्र वेगळे होते: डोळे येणे, पापण्या चिकटणे, चिपडे धरणे, खुपऱ्या, फूल पडणे. यांतील बरेच विकार संसर्गाचे किंवा संसर्गामुळे उद्भवणारे आहेत. चिनी नेत्रग्रंथांत पापणीच्या आतल्या बाजूस उठणाऱ्या पुटकुळ्यांना मिरीच्या दाण्यांची व बाजरीवर्गीय बारीक दाण्यांची उपमा देऊन दोन वेगळी नावे दिली आहेत. सुश्रुताने ‘पोथकी’ या विकाराचे वर्णन करताना लाल मोहरीची उपमा दिली आहे. आपल्या खेडोपाडी ज्याला खुपऱ्या म्हणतात तो रोग या वर्णनांत ओळखू येतो. दोन्ही देशांतील वैद्यांनी पापणी उलटी करून पाहिली होती, हे यावरून सिद्ध होते. उपचारही सारखे आहेत. पापणीची आतली बाजू शस्त्राने किंवा खरखरीत पदार्थाने खरवडावी असे सुश्रुत सांगतो. चिनी परंपरेत समुद्रफेनाची, म्हणजे माकुळाच्या पाठीतील सच्छिद्र हाडाची, कांडी करून ती ह्वांगल्यानच्या काढ्यात उकळून तिने पापणी घासण्याची रीत आहे. काढ्यात उकळणे या कृतीने त्या कांडीवरील जंतू मरत असतील, हे त्या वैद्यांना माहीत नव्हते. ह्वांगल्यान स्त्रीच्या दुधात भिजवून ते दूध डोळ्यांत घालण्याचाही प्रघात होता. दुखऱ्या डोळ्यांत आईचे दूध पिळण्याची चाल आपल्याकडेही आहे.

आता या उपायांनी गुण येत असे काय, याची साक्ष इतिहासात शोधावयाची, तर यशाच्या कथा टोपलीभर मिळतात. आम्ही येथे एका अपयशाची कथा देतो, कारण ती अधिक विश्वसनीय आहे. भिक्खू ज्यानचेन (इ.स. ६८८ ते ७६३), जे जपानमध्ये गान्जिन या नावाने पूजनीय झाले, यांनी विनयाची दीक्षा देण्यासाठी जपानला जाण्याचा पाच वेळा प्रयत्न केला व पाचही वेळा ते अयशस्वी ठरले. पाचव्या वेळी त्यांचे जहाज भरकटून दक्षिणेकडील हायनान बेटास लागले. तेथून परतताना, उष्ण प्रदेशातील प्रवासात, त्यांचे डोळे अधू होऊ लागले. डोळे बरे करतो असे म्हणणारा पश्चिमेकडील एक परदेशी वैद्य भेटला, त्याने उपचार केले, आणि ज्यानचेन यांची दृष्टी गेली. इ.स. ७७९ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या प्रवासवृत्तान्तात हे नोंदविलेले आहे. पश्चिमेचा वैद्य, भारतीय विद्येची ख्याती, श्रद्धावान रोगी, सर्व काही असूनही उपाय फसला, आणि चरित्रकाराने ते लपविले नाही. त्यांचा विकार कोणता होता याविषयी आज तर्क करणे व्यर्थ आहे. सहाव्या प्रयत्नात ते इ.स. ७५३ च्या अखेरीस जपानला पोहोचले. तेथे ते औषधी द्रव्ये वासावरून ओळखून त्यांतील खरेखोटे सांगत, असे जपानच्या राजकीय इतिवृत्तात म्हटले आहे. ज्याचे डोळे औषधांनी वाचले नाहीत, त्याने एका देशाच्या औषधभांडाराची शुद्धी केली.

इत्सिंग यांचाही निर्देश येथे केला पाहिजे. ते इ.स. ६७१ मध्ये निघाले, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिले आणि ६९५ मध्ये परतले. भारतातील वैद्यकाच्या आठ अंगांची माहिती त्यांनी चिनी संघास दिली. त्याच वृत्तान्तात त्यांनी आपल्या देशबांधवांची एक चाल झोडपली आहे: मलमूत्रापासून औषध करावयाचे आणि त्याला ‘नागाचा काढा’ असे भपकेदार नाव द्यावयाचे. नाव सुंदर केल्याने घाण पदार्थ औषध होत नाही, असा त्यांचा आशय आहे. आणखी एक चिनी नोंद आम्हांस उल्लेखनीय वाटते. सू सोंग याच्या इ.स. १०६१ च्या द्रव्यगुणग्रंथात जिनसेंग ही मुळी खरी की खोटी हे ओळखण्याचा उपाय असा दिला आहे की दोन माणसांना काही अंतर पळवावे, एकाच्या तोंडात मुळी ठेवावी, दुसऱ्याच्या तोंडात ठेवू नये, आणि कोणाला धाप लागते ते पाहावे. तुलनेसाठी औषध न दिलेला माणूस शेजारी हवा, ही कल्पना तेथे अंकुरली होती. नेत्रौषधींच्या बाबतीत मात्र ती पुढे वाढल्याचे दिसत नाही. उलट नावांचाच आधार घेतला गेला. ‘यिनहाय चिंगवेइ’ या पुढे प्रसिद्धीस आलेल्या नेत्रग्रंथाचे कर्तृत्व सातव्या शतकातील थोर वैद्य सुन स्मियाओ याला देण्यात आले. प्रत्यक्षात तो ग्रंथ त्याच्यानंतर कित्येक शतकांनी रचलेला आहे.

आधुनिक काळातील पुराव्याकडे वळताना ह्वांगल्यानपासूनच सुरुवात करावी लागते, कारण सर्व नेत्रौषधींत तिचीच बाजू सर्वांत बळकट आहे. तिच्या पिवळ्या रंगाचे व कडूपणाचे कारण बर्बेरीन हा क्षारधर्मी पदार्थ होय. वाळलेल्या मुळीत त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर असू शकते. तोच पदार्थ आपल्या दारुहळदीत आहे, आणि दारुहळदीचा आटवून घट्ट केलेला काढा म्हणजे आयुर्वेदातील रसांजन, बाजारातील रसोत. पाली रसञ्जन म्हणजे नेमके तेच, असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही, कारण अट्ठकथेत ते नाना द्रव्यांचे अंजन मानले आहे. तथापि ह्वांगल्यानची एक सख्खी बहीण अरुणाचलातील मिश्मी टेकड्यांत वाढते व ‘ममीरा’ या नावाने उत्तरेकडे डोळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या कुळांतील झाडे, दूरदूरचे देश, आणि दुखऱ्या डोळ्यांसाठी निवडलेला पदार्थ एकच. याला निव्वळ योगायोग म्हणणे आम्हांस कठीण वाटते. अनुभवाने काही तरी हाती लागले होते, हे मान्य करावे.

प्रयोगशाळेत बर्बेरीन अनेक जिवाणूंची वाढ रोखते, हे पुनःपुन्हा दिसून आले आहे. परंतु काचेच्या बशीत जंतू मरणे आणि रोग्याचा डोळा बरा होणे यांत अंतर आहे. मधले अंतर भरून काढण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न भारतातच झाला. १९८२ साली खुपऱ्यांच्या रोग्यांवर बर्बेरीनच्या थेंबांची चाचणी घेऊन तिचा वृत्तान्त भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध करण्यात आला. रोग्यांची संख्या सुमारे पन्नास होती, आणि तुलनेसाठी सल्फासिटामाइड हे त्या काळी रूढ असलेले औषध घेतले होते. लक्षणे उतरण्यात सल्फासिटामाइड किंचित सरस ठरले. पापणीच्या आतून घेतलेल्या नमुन्यांत मात्र निराळे चित्र दिसले: बर्बेरीन घेतलेल्यांचे नमुने जंतुरहित झाले व रोग उलटला नाही, तर दुसऱ्या गटात जंतू राहिले. हे निष्कर्ष आशादायक आहेत यात शंका नाही. पण पन्नास रोग्यांच्या चाचणीवर एका देशाचा रोगनिवारणाचा कार्यक्रम उभारता येत नाही. आणि ही चाचणी मोजून घेतलेल्या शुद्ध पदार्थाच्या थेंबांची होती. घरी उगाळलेल्या मुळीची नव्हे, हेही विसरता कामा नये.

टाकळ्याच्या बिया, शेवंतीची फुले, इसबगोलाच्या जातीचे बी यांची गोष्ट याहून दुबळी आहे. संसर्गावर त्यांचा उपयोग होतो असे म्हणण्यास भरवशाच्या चाचण्यांचे पाठबळ नाही. मग शेकडो वर्षे लोकांना गुण कसा येत होता, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. साथीत येणारे डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. या काळात शेवंतीचा चहा घ्या, आईचे दूध घाला किंवा ताईत बांधा, डोळे बरे होणारच. श्रेय जे हाताशी असेल त्याला जाते. म्हणूनच औषध न दिलेल्या रोग्यांशी तुलना केल्याविना काहीही सिद्ध होत नाही. चीनमधील चाचण्यांविषयी १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला होता. पारंपरिक चिनी औषधांच्या सुमारे तीन हजार चाचण्या त्यात पाहिल्या गेल्या, आणि बहुतेक चाचण्या लहान व सदोष आढळल्या. त्याच्या आदल्या वर्षी अँड्र्यू विकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की चीनमध्ये झालेल्या सुईउपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष जवळजवळ सगळेच अनुकूल होते. जेथे कधीच नकार येत नाही, तेथील होकाराला काय किंमत द्यावयाची?

यात केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. चिनी वैद्यकात लाल, दुखऱ्या डोळ्यांचे एक कारण यकृतातील अग्नी मानले जाते व त्यासाठी ‘लुंगदान श्येगान’ नावाच्या प्रसिद्ध गोळ्या दिल्या जातात. या योगात ‘मुथोंग’ नावाची एक वेल असते. विसाव्या शतकात मूळ वेलीच्या जागी मांचुरियात मिळणारी, ईश्वरीच्या कुळातील, दुसरीच वेल सर्रास वापरली जाऊ लागली. तिच्यातील अम्लाने मूत्रपिंडे कायमची निकामी होतात व मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. त्याच कुळातील दुसऱ्या वनस्पतीमुळे बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ साली जगापुढे आले होते. चीनच्या शासनाने या वेलीची औषध म्हणून मान्यता २००३ साली रद्द केली. तोवर डोळ्यांची लाली घालविण्यासाठी त्या गोळ्या घेणाऱ्या कित्येकांची मूत्रपिंडे गेली होती. परंपरा हजार वर्षांची आहे असे बाटलीवर लिहिलेले असते. बाटलीतील वेल मात्र बदललेली असते. उलट दिशेचेही एक उदाहरण सांगतो. नवजात अर्भकांची कावीळ वाढते या भयाने सिंगापूरने १९७८ साली ह्वांगल्यान व बर्बेरीन यांवर बंदी घातली होती. पुढे पुरावा पुन्हा तपासून ह्वांगल्यानवरील बंदी उठविण्यात आली. निषेधही पुराव्याने तपासला जावा, हेच योग्य होय. आपल्या शेतमजुरांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. डोळ्यात काडीकचरा जाऊन बुबुळाला जखम झाली, तर तीत बुरशी वाढू शकते. अशा डोळ्यात पाल्याचा कच्चा रस पिळणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. अशा वेळी दवाखाना गाठण्यास दोन दिवसांचा उशीरही डोळा घालवू शकतो.

खुपऱ्यांच्या इतिहासाचा निर्णायक अध्याय चीनमध्येच लिहिला गेला, आणि तो काढ्यांचा नव्हता. या रोगातील पेशींमधले विशिष्ट कण १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक यांनी पाहिले होते, पण जंतू कोणाच्या हाती लागत नव्हता. जपानी शास्त्रज्ञ नोगुची यांनी १९२८ च्या सुमारास एका जिवाणूस दोषी ठरविले. तांग फेइफान (१८९७ ते १९५८) या हूनान प्रांतातील जंतुशास्त्रज्ञाने तो दावा १९३० च्या दशकात तपासून पाहिला व तो टिकला नाही. पुढे पीकिंगमध्ये, नेत्रवैद्य झांग श्याओलौ यांच्या साहाय्याने, रोग्यांच्या पापण्यांतून घेतलेले नमुने त्यांनी कोंबडीच्या गर्भ धरलेल्या अंड्यांत वाढविले. इतर जंतू रोखण्यासाठी स्ट्रेप्टोमायसिन वापरले. जंतू मिळाला. १९५७ मध्ये ते संशोधन जगापुढे आले व लंडनच्या लिस्टर संस्थेतील कोलियर यांनी त्यास दुजोरा दिला. शंकेला जागा राहू नये म्हणून तांग यांनी १९५८ च्या प्रारंभी तो जंतू स्वतःच्या एका डोळ्यात घालून घेतला. रोग झाला. तो पूर्ण प्रकट होईपर्यंत सुमारे चाळीस दिवस त्यांनी उपचार घेतले नाहीत, आणि त्याच डोळ्यातून जंतू पुन्हा वेगळा काढून दाखविला. त्याच वर्षी राजकीय मोहिमेत त्यांची जाहीर विटंबना करण्यात आली व ३० सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. खुपऱ्यांविरुद्ध कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८१ साली त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले.

जंतू सापडल्यावर रोग कसा पसरतो हे स्पष्ट झाले: हातांनी, माश्यांनी आणि घरात सर्वांनी मिळून वापरलेल्या एकाच पंचाने. चीनमध्ये प्रत्येकाने आपला वेगळा टॉवेल वापरावा व वाहत्या पाण्याने तोंड धुवावे असा प्रचार खेड्यापाड्यांत करण्यात आला. टेट्रासायक्लिनचे मलम आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने जो कार्यक्रम ठरविला, त्यात शस्त्रक्रिया व प्रतिजैविक यांच्या बरोबरीने चेहरा धुणे आणि पाणी व स्वच्छतेची सोय यांना स्थान आहे. भारतात खुपऱ्यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला, आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग भारतातून गेल्याचे त्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. तोंड धुण्यास पुरेसे पाणी ज्या वस्तीला मिळत नाही, तेथे हा रोग मुक्काम करतो. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ज्यांनी संघर्ष करून ओंजळीत घेतले, त्यांच्या वंशजांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

ह्वांगल्यानचे स्थान यानंतर काय उरते? बर्बेरीनच्या थेंबांची मोठी, नीट तुलना केलेली चाचणी झाली आणि ती यशस्वी ठरली, तर ते औषध म्हणून स्वीकारावे. न ठरली तर सोडून द्यावे. महावग्गातील भिक्खूंनी बोटाने अंजन घालण्याची रीत सोडली ती डोळे दुखू लागले म्हणून; ती कोणाची रीत होती, याची चौकशी तेथे झालेली नाही.